पाठोपाठ दोन क्रूझ : सूट कुठे मिळते आणि पैसे कुठे वाचतात

प्रश्न : आम्ही दोघंही निवृत्त, वय ६३ आणि ६०. येत्या फेब्रुवारीत सिंगापूरहून ३ रात्रींची क्रूझ, आणि ती संपते त्याच दिवशी त्याच बोटीची ४ रात्रींची क्रूझ, अशा दोन्ही घ्यायचं मनात आहे. इथल्या एजंटने 'दोन एकदम घेतल्या की १० टक्के सूट' असं सांगितलं, पण कंपनीच्या संकेतस्थळावर तशी सूट कुठे दिसत नाही. खरं काय? मधल्या दिवशी सगळं सामान घेऊन उतरावं लागतं का? आम्ही शाकाहारी आहोत. पुढच्या उन्हाळ्यात मुलीकडे सिएटलला जाणार आहोत, तिथून अलास्काच्या दोन क्रूझ अशाच जोडता येतील का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : संकेतस्थळावर सूट दिसत नाही, कारण बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे 'दोन पाठोपाठ घेतल्या' एवढ्याच कारणासाठी ठरलेली सूट नसते. त्यांच्या संगणकाच्या लेखी तुमच्या दोन सफरी म्हणजे दोन वेगळी गिऱ्हाइकं. सांगली–सातारा आणि सातारा–पुणे अशी दोन तिकिटं काढली आणि बस मात्र तीच, असा हा प्रकार. तिकिटं दोन काढली म्हणून कंडक्टर पैसे कमी करत नाही.

जोडसफरीवर रीतसर सवलत देणाऱ्या कंपन्याही आहेत. हॉलंड अमेरिका लाइन लागोपाठच्या सफरी जोडून 'कलेक्टर्स व्हॉयेज' या नावाने एकच लांब सफर म्हणून विकते आणि तिचं भाडं सुट्ट्या भाड्यांच्या बेरजेपेक्षा सहसा कमी असतं. सिल्व्हरसी, सीबोर्न यांसारख्या महागड्या कंपन्यांकडेही जोडसफरींची वेगळी भाडी असतात. पण ही सवलत कंपनीने स्वतः जोडून विक्रीला ठेवलेल्या सफरींवरच लागू होते, तुम्ही मनाने जोडलेल्या दोन सफरींवर नाही. सिंगापूरहून ३-४ रात्रींच्या फेऱ्या मारणाऱ्या बोटींच्या बाबतीत ती अपेक्षा धरू नका.

मग एजंटचे १० टक्के आले कुठून? एक शक्यता चांगली आहे. कंपनी एजंटला मूळ भाड्यावर कमिशन देते, त्यातला काही हिस्सा तो तुम्हाला सोडत असेल. किंवा त्याने गट म्हणून काही केबिन आधीच धरून ठेवल्या असतील. दुसरी शक्यता अशी की आधी भाव चढवायचा आणि मग सूट द्यायची. दोन्हींतला फरक कळायला एकच गोष्ट मागा : लेखी फोड. मूळ भाडं, पोर्ट चार्जेस व कर, टिप, एजंटचा सेवाआकार, जीएसटी आणि टीसीएस (परदेश सहलीच्या बिलावर आगाऊ गोळा होणारा आयकर), प्रत्येक सफरीचं वेगवेगळं. मग त्याच दिवशी, त्याच प्रकारच्या केबिनचा, त्याच चलनातला भाव कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. काल पाहिलेला भाव चालत नाही, क्रूझची भाडी विमानाच्या तिकिटासारखी रोज हलतात. फोड द्यायला जो एजंट आढेवेढे घेईल, त्याच्या सवलतीत अर्थ नाही असं खुशाल समजा.

फोड मागण्याचं आणखी एक कारण आहे. सूट मूळ भाड्यावर मिळते. पोर्ट चार्जेस, कर आणि टिप यांवर सहसा मिळत नाही. छोट्या क्रूझमध्ये हाच भाग मोठा असतो. हिशेबापुरते आकडे घेऊ, हे भाव नव्हेत. समजा, ३ रात्रींचं दोघांचं भाडं ६०,००० आणि ४ रात्रींचं ६४,००० रुपये. पोर्ट चार्जेस व कर १४,००० आणि १८,०००. टिप माणशी रात्रीला १८ डॉलर आणि डॉलर ९० रुपये धरला, तर ९,७२० आणि १२,९६०. पहिली सफर ८३,७२० ला पडली, दुसरी ९४,९६० ला. दोन्ही मिळून १,७८,६८०. आता कोणी 'भाड्यावर ५ टक्के सूट' दिली तर वाचतात ६,२०० रुपये, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेतीन टक्क्यांहूनही थोडे कमीच.

याच आकड्यांत दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. पहिली सफर रात्रीला २७,९०० रुपयांच्या आसपास पडते, दुसरी २३,७४० ला. शुक्रवार-शनिवार गाठणाऱ्या ३ रात्रींच्या सफरी बहुधा अशाच महाग असतात, कारण सिंगापूरचे लोक त्या वीकेंडसाठी उचलतात. म्हणून तुलना नेहमी सगळा खर्च धरून, दर रात्रीची करावी. फेब्रुवारीत चिनी नववर्ष येण्याचा संभव असतो (२०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला होतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे), त्या आठवड्यात सिंगापूरहून निघणारं सगळंच महागतं. तारखा दोन आठवडे पुढे-मागे केल्याने होणारी बचत बरेचदा एजंटच्या सवलतीहून मोठी भरते. तुम्ही दोघं निवृत्त आहात, रजा कोणाची मागायची नाही. हा तुमचा खरा हुकमी एक्का आहे, तो आधी वापरा.

त्याच बोटीची किंवा दुसऱ्या बोटीची सलग ७ रात्रींची सफर त्या काळात आहे का, हेही पाहा. ३ अधिक ४ मध्ये पेनांग दोनदा येण्याची दाट शक्यता असते. सिंगापूरहून जाणाऱ्या छोट्या सफरी पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत याच बंदरांत फिरतात. शिवाय नाट्यगृहातले मोठे कार्यक्रम आणि मुख्य जेवणघराचा मेन्यू दुसऱ्या सफरीत पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू होतो. दोन्ही सफरींची बंदरं वेगळी असतील तर जोडणीला अर्थ आहे. तीच बंदरं दोनदा पाहायची असतील, तर एका सफरीऐवजी तेवढे दिवस सिंगापूरमध्ये किंवा मलेशियात काढलेले बरे.

तरीही जोडायचंच ठरवलं, तर बचत इथे होते : विमानाचं जाणं-येणं एकदाच, व्हिसा एकदाच, मुंबईपर्यंतची धावपळ एकदाच. वर्षाआड दोन वेगळ्या क्रूझ करण्यापेक्षा हा खर्च निम्म्यावर येतो.

बुकिंग कसं करावं

दोन बुकिंग नंबर येतील. दोन्ही एकाच एजंटकडून किंवा कंपनीच्या एकाच खात्यातून, एकाच बैठकीत घ्या. आधी दोन्ही तारखांना मोकळी असलेली एकच केबिन शोधायची आणि तिचा नंबर टाकूनच दोन्ही बुकिंग करायची. 'गॅरंटी' प्रकारातली केबिन स्वस्त मिळते, पण तिचा नंबर कंपनी शेवटी ठरवते, त्यामुळे दोन सफरींत एकच केबिन मिळेल याची खात्री राहत नाही. बुकिंग झाल्यावर एजंटला सांगून दोन्ही नंबर कंपनीकडे एकमेकांशी जोडून घ्या आणि जोडल्याची नोंद लेखी मागा. यात हयगय झाली तर काय होतं? बोट दुरुस्तीला गेली किंवा पूर्ण बोट कोणी भाड्याने घेतली म्हणून पहिली सफर रद्द झाली, तर तेवढ्याच सफरीचे पैसे परत मिळतात. दुसरी आपली जागच्या जागी उभी राहते आणि तुमचं विमान मात्र पहिल्या तारखेचं असतं. जोडलेलं असलं तरी भरपाईची हमी नाही, पण निदान बोलायला आधार राहतो.

पूर्ण पैसे भरायची तारीखही दोन्हींची वेगळी असते. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपनीत ४ रात्रींपर्यंतच्या सफरीची रक्कम साधारण ७५ दिवस आधी आणि त्याहून लांब सफरीची ९० दिवस आधी भरावी लागते. एजंट स्वतःच्या सोयीने ही तारीख अलीकडे ओढतात, म्हणून दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेपर्यंत भाडं उतरलं तर नव्या भावाने बिल करून मागता येतं, मात्र तुमचं भाडं 'डिपॉझिट परत नाही' प्रकारातलं असेल तर त्याची अट आधी वाचा. आठवड्यातून एकदा भाव पाहून ठेवायला दोन मिनिटं लागतात. ज्याला खरी सूट म्हणतात ती अनेकदा याच वाटेने मिळते.

दोन वेगळ्या बुकिंगचा फायदाही आहे. तब्येतीमुळे एक सफर सोडावी लागली तर दुसरी शाबूत राहते. कंपनीने जोडून विकलेल्या सफरीत हे स्वातंत्र्य नसतं, तिथे सगळं एकाच अटीत बांधलेलं असतं.

पहिल्या सफरीतून दुसरीत आपोआप न जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. वायफायचं पॅकेज, पेयांचं पॅकेज, टिपची आगाऊ रक्कम हे सगळं दोनदा. पहिलं पॅकेज मधल्या दिवशी सकाळी संपतं आणि दुसरं चढल्यावर सुरू होतं, मधले काही तास कोरडे जातात. खात्यात 'ऑनबोर्ड क्रेडिट' (बोटीवर खर्चायला कंपनीने दिलेली रक्कम) मिळालं असेल तर ते ज्या सफरीचं त्याच सफरीत संपवायचं. परत न मिळणारं क्रेडिट शेवटच्या रात्री बुडतं. जेवणाची आणि व्हीलचेअरची विनंती दोन्ही बुकिंग नंबरांवर नोंदवा. लोक इथेच चुकतात, पहिल्या सफरीत जैन जेवण व्यवस्थित मिळतं आणि चौथ्या रात्री वेटरला काही माहीतच नसतं.

निष्ठावंत ग्राहकाचे गुणही विचारून घ्या. रॉयल कॅरिबियनमध्ये रात्रीमागे १ गुण, ३ गुणांना गोल्ड आणि ८० गुणांना डायमंड. ७ रात्रींत तुम्ही गोल्ड व्हाल, त्यात हाती लागतं ते थोडंच. खरे लाभ डायमंडपासून सुरू होतात, त्यामुळे एजंट 'मेंबरशिप मिळेल' म्हणून रंगवून सांगत असेल तर फार हुरळून जाऊ नका. बोटीवर असतानाच पुढची क्रूझ बुक केली तर काही कंपन्या क्रेडिट देतात. अलास्काचा बेत पक्का असेल आणि कंपनी तीच असेल, तर तिथल्या काउंटरवर विचारायला हरकत नाही.

मधला दिवस

केबिन तीच असेल तर सामान हलवायचं नाही. कपडे कपाटात, बॅगा पलंगाखाली, सगळं तसंच ठेवून फक्त हातातली पिशवी घ्यायची. केबिन बदलत असेल तर टांगलेले कपडे हँगरसह केबिन स्टुअर्ड नेऊन देतो, बाकीचं भरून ठेवावं लागतं. सकाळी ८-९ पर्यंत जुनी केबिन रिकामी करायची आणि नवी दुपारी मिळते. औषधं, दागिने, पासपोर्ट या दरम्यान स्वतःजवळ.

आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये चिठ्ठी येते : किती वाजता, कुठे जमायचं. पहिल्या सफरीचं बिल तोवर चुकतं करायचं. ती चिठ्ठी आली नाही तर रात्रीच गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन विचारा. चिठ्ठी न येणं याचा अर्थ बहुधा दोन बुकिंग जोडलेली नाहीत. सिंगापूरला खाली उतरून इमिग्रेशन करून परत चढायचं आहे, असं धरूनच दिवस आखा. केबिनचं कार्ड नवं मिळतं आणि सुरक्षेची कवायतही पुन्हा करावी लागते. 'परवाच केली' असं सांगून सुटका होत नाही.

इमिग्रेशन झालं की दुपारपर्यंत शहरात फिरता येतं. बोट मरीना बे क्रूझ सेंटरला लागत असेल तर शेजारीच मरीना साउथ पियर हे मेट्रो स्टेशन आहे. हार्बरफ्रंटच्या जुन्या टर्मिनलला लागत असेल तर हार्बरफ्रंट स्टेशन. ही दोन टर्मिनल वेगवेगळी आहेत हे लक्षात ठेवा. कोणी तुम्हाला एका कंपनीची ३ रात्रींची आणि दुसऱ्या कंपनीची ४ रात्रींची अशी जोडी सुचवली, तर त्यात सगळं सामान घेऊन उतरणं, टॅक्सी आणि दुसऱ्या बोटीची चेक-इन वेळ गाठणं आलं. पहिली बोट बंदराला उशिरा लागली तर दुसरी थांबत नाही. अशा वेळी मध्ये एक रात्र हॉटेलची ठेवावी.

कागदपत्रं

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ६ महिने चालणारा हवा. सिंगापूरचा व्हिसा 'मल्टिपल' आहे ना, हे छापील कागदावर पाहा. बोट मलेशिया किंवा थायलंडला गेली की तुम्ही देशाबाहेर गेलात आणि मधल्या दिवशी पुन्हा आत आलात, शेवटी परत तिसऱ्यांदा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर ही जोडणी बसत नाही. प्रत्येक प्रवेशाआधी एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, येण्याच्या ३ दिवस आधीपासून. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. मधल्या दिवसासाठीचं कार्ड बोटीवरून भरावं लागेल, म्हणून वायफाय नसेल तर पेनांगला उतराल तेव्हा भरून टाका. मलेशिया आणि थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदलत आले आहेत, ते निघण्याच्या महिनाभर आधी दोन्ही देशांच्या सरकारी संकेतस्थळांवरच पाहावेत.

विमा एकच घ्या, भारतातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा. रक्तदाब, साखर जे असेल ते अर्जात लिहा. बोटीवरचा डॉक्टर कॅशलेस चालवत नाही, पैसे खात्यावर चढतात आणि बिल घेऊन नंतर दावा करायचा असतो. लपवलेला आजार निघाला तर दावा तिथेच अडतो. रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

टीसीएस हा तुमचाच पैसा आहे, विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मिळतं. तो पॅनवर कापला जातो, म्हणून बिल दोघांच्या पॅनवर विभागून मागा आणि नंतर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तो तुमच्या नावावर दिसतो का ते तपासा. 'टीसीएस माफ केला' ही सूट नसते.

जेवणाचं सांगायचं तर भाजी-पोळीची पंचाईत सिंगापूरच्या बोटींवर फारशी होत नाही, भारतीय प्रवासी भरपूर असतात. घरी केलेले पदार्थ बोटीवर नेऊ देत नाहीत. सांगलीचं भडंग न्यायचं असेल तर दुकानातलं, सीलबंद पाकीट न्या. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात.

समुद्र लागतो की नाही हे अजून माहीत नसेल, तर सात रात्रींचे पैसे गुंतवण्याआधी पावसाळा सोडून मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या बोटीने गोव्यापर्यंत जाऊन या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियर जवळच.

अलास्का

अलास्काला जोडसफर जास्त शोभते. सिएटलहून निघून सिएटललाच येणाऱ्या ७ रात्रींच्या दोन सफरी सहज जोडता येतात, पण बंदरं बहुतेक तीच येतात : जुनो, स्कॅगवे, केचिकान, सिटका यांतली. त्यापेक्षा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्कातल्या व्हिटियर किंवा सीवर्डपर्यंत आणि तिथून परत व्हँकुव्हर, अशी जोडी घ्या. जाताना-येताना हिमनद्यांचा भाग जास्त पाहायला मिळतो, आणि हॉलंड अमेरिका लाइन अशा सफरी जोडून विकते, म्हणजे इथे खरी सवलत मिळू शकते. एकत्र सफरीचा भाव आणि दोन सुट्ट्या भावांची बेरीज दोन्ही काढा. कधी कधी सुट्टं स्वस्त पडतं.

मात्र इथे एक जुना अमेरिकी कायदा आडवा येतो, १८८६ चा. परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. मध्ये दूरचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं, आणि कॅनडा त्यात बसत नाही. जोडसफरीत तुमचं पहिलं चढणं आणि शेवटचं उतरणं मोजलं जातं. सिएटलहून व्हँकुव्हर आणि त्याच बोटीने पुढे सीवर्ड अशी जोडी दोन्ही बुकिंग वेगळी असूनही बेकायदा ठरते. संगणक ती घेतो, आणि नंतर कंपनी रद्द करते किंवा माणशी शेकडो डॉलरचा दंड तुमच्या माथी मारते. व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर, किंवा सिएटल ते सिएटल, यात अडचण नाही.

दोन्ही वाटांनी कॅनडाचा व्हिसा लागतोच. सिएटलची सफरसुद्धा याच कायद्यापायी व्हिक्टोरियासारख्या कॅनडाच्या बंदरात थांबते, आणि भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल असला पाहिजे, तो हातात आल्यावर कॅनडाचा अर्ज करा, आणि दोन्ही मिळेपर्यंत 'डिपॉझिट परत नाही' प्रकारचं भाडं घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.